‘सातेरी’चे आडपंखे

खट्, खट्, खट्, असा आवाज बोटीच्या पोटातून तिसऱ्यांदा आला आणि बोट तसूभरही हलली नाही. सगुण मेतरने दांडा जागेवर आणला, कोणी पाहत नाही ना म्हणून आजूबाजूला नजर टाकली, आणि धक्क्यावर बसलेली सतरा माणसं आपल्याकडेच पाहत आहेत हे लक्षात आल्यावर, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून, दांडा चौथ्यांदा ढकलला.

“दांडो मोडशीत,” खाली बोटीच्या पोटात शिरलेल्या इनासचा आवाज आला.

‘सातेरी’ ही तीस माणसं नेणारी विजेवरची बोट. मोरवंडपासून खाडीने वर देवतळीपर्यंत चार किलोमीटरची वाट, दिवसाला सात फेऱ्या, आणि सगुण तिचा तांडेल. तिच्या तळाशी, पुढे नाळेला एक आणि मागे एक, असे दोन आडपंखे बसवलेले आहेत. बोट धक्क्याशी समांतर आणायची आणि दांडा ढकलायचा. पंखे उजवीकडे पाणी फेकतात, आणि बोट खेकड्यासारखी डावीकडे सरकून धक्क्याला टेकते. निदान टेकायला हवी. आज ती नुसतीच खटखटत होती, आणि उद्या सकाळी दहा वाजता धक्का-परीक्षा होती.

ही परीक्षा खाडी-वाहतूक निरीक्षणालय वर्षातून एकदा घेई. निरीक्षक बोटीत बसायचा आणि तांडेलाने त्याच्यासमोर आडपंखे वापरून बोट धक्क्याला लावायची. नापास झाल्यास काय करायचं हेही नियमात लिहिलं होतं, आणि ते अमलात आणायची सोय सगुणच्या गुडघ्यापाशीच होती. सुकाणूखाली शिशाचं सील ठोकलेली एक करडी पेटी होती. तिचं नाव स्वयंतांडेल. चौदा महिन्यांपूर्वी ती खाडीतल्या प्रत्येक बोटीत बसवली गेली. तांडेल नापास झाला की निरीक्षकाने सील तोडायचं, हिरवं बटण दाबायचं, आणि त्या क्षणापासून बोट पेटीने चालवायची. शेजारच्या खाडीत अशा चार बोटी चालत होत्या आणि त्यांचे चार तांडेल घरी बसले होते. त्यांतल्या एकाने परवा बाजारात सगुणला सांगितलं होतं की सकाळी अकरानंतर वेळ पुढे सरकतच नाही. सगुण अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्यांतली एकतीस वर्षं त्याने या खाडीत घालवली होती. पेटीला गुडघा लागला की तो चटका बसल्यासारखा पाय आखडून घ्यायचा, आणि अरुंद केबिनमध्ये गुडघा दिवसातून वीस वेळा लागायचा.

इनास फर्नांडिस वर आला. बंदरातल्या सगळ्या बोटींची वीज तो चाळीस वर्षं बघत होता. दोन वायरी जोडलेला एक छोटा दिवा एवढंच त्याचं हत्यार, बाकी सगळं डोक्यात.

“बॅटरी बरी. फ्यूज बरो. सांध्यांचो हिरवो गंज खरवडून काढलंय. पंख्याकडे दिवो लावलंय, तर लख्ख पेटता,” तो म्हणाला. “वीज पोचता, पण पंखो फिरणा नाय.”

“मगे?”

“मगे त्या पुण्याच्या डॉक्टरीणबायक विचारूया. तार तिची आसा.”

डॉ. ऋता भिडे दुपारी एक वाजता पोचल्या. ‘सातेरी’त जी तार वापरली होती ती त्यांनी स्वतः शोधलेली, आणि महाराष्ट्रातल्या सहा बोटींवर तिचा प्रयोग चालू होता. बाकीच्या पाच बोटी ठणठणीत होत्या. सहाव्या बोटीचा फोन आल्यापासून त्या घाबरलेल्या होत्या, पण पुण्याच्या असल्यामुळे ते चेहऱ्यावर दिसत नव्हतं. त्यांनी इनासची सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि सरळ बोटीच्या पोटात उतरल्या.

“इनासकाका, दिवा पेटतो याचा अर्थ वीज येते एवढाच,” त्या आतून म्हणाल्या. “किती येते ते दिवा सांगत नाही.” त्यांनी मीटरच्या दोन टोच्या पंख्याच्या टोकाला लावल्या. “चोवीस पूर्णांक सहा व्होल्ट. छान. तांडेल, आता दांडा ढकला.”

सगुणने दांडा ढकलला. खट्, खट्, खट्. मीटरवरचा आकडा उतरत उतरत नवावर आला.

“बघा. पंखा वीज मागत नाही तोपर्यंत चोवीस, आणि मागायला लागला की नऊ. नवावर पंखा फिरत नाही. खटका धरून ठेवायलाही तेवढे पुरत नाहीत, म्हणून तो सारखा लागतो आणि सुटतो. तुम्ही ऐकताय तो आवाज त्याचा.”

इनासने हातातला दिवा खिशात टाकला. “म्हणजे नळाक बारीक नळी लावल्यासारख्या झाला. चूळ भरूक पाणी गावता, हंडो लावलो की थेंब थेंब.”

“अगदी तसंच. दिव्याला चूळभर वीज लागते आणि पंख्याला हंडाभर.”

“पण नळी बारीक कशी झाली? तार मीच बसवलंय. आंगठ्याएवढी जाड होती.”

ऋता वर येऊन फळीवर बसल्या, आणि हा प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. तांब्याच्या खाणी आटल्यापासून तांबं आता सोनाराच्या दुकानात मिळत होतं, त्यामुळे बोटीभर तांब्याची जाड केबल फिरवणं कोणालाच परवडत नव्हतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे वळणतार.

“ही पाच पेडांची वेणी आहे,” त्या म्हणाल्या. “एक पेड पंख्यांचा, एक भोंग्याचा, एक दिव्यांचा, एक पाणी उपसणाऱ्या पंपाचा आणि एक या पेटीचा. प्रत्येक पेडात खळीसारखा द्रव आहे आणि त्यात धातूचे बारीक कण तरंगतात. पेडातून वीज सुरू झाली की त्या धक्क्यासरशी कण एकमेकांचे हात धरून रांग लावतात. पुन्हा सुरू झाली की आणखी कण येतात आणि रांग जाड होते. जो पेड चाळीस दिवस कोणी वापरत नाही, तिथले कण हात सोडतात आणि शेजारच्या पेडात निघून जातात. धातू तेवढाच राहतो, वाटणी वापराप्रमाणे बदलते. तारेला वळण लागतं म्हणून वळणतार.”

“किती वीज व्हावली ता मोजता, की कितींदा व्हावली ता?” इनासने विचारलं.

ऋतांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या परीक्षक मंडळालाही सुचला नव्हता. “कितीदा. दिवे संध्याकाळभर जळले तरी ती एकच वेळ धरली जाते. म्हणून तर मला कळत नाही की पंख्यांचा पेड सुकला कसा. दिवसाला सात फेऱ्या म्हणजे चौदा वेळा धक्का. हा पेड गुटगुटीत असायला हवा.”

हे ऐकताच सगुणला खाडीपलीकडच्या माडांमध्ये फार रस वाटू लागला.

बोटीत एक वापर-वही होती. कागदाची नव्हे, कुठला खटका कधी आणि कितीदा दाबला याची नोंद ठेवणारी एक चकती. ऋतांनी ती आपल्या पडद्यावर उघडली. “आडपंखे. गेल्या वर्षभरात एकूण सोळा वेळा.” त्यांनी डोळे बारीक केले. “त्यांतल्या बारा आजच्या.”

धक्क्यावरची सतरा माणसं एव्हाना तेवीस झाली होती, आणि ती सगळी दोन पावलं पुढे सरकली. इनासने सगुणकडे वळून विचारलं, “तू पंखे वापरणस नाय?”

“धक्क्याक बोट लावूक पंखे कित्याक होये?” सगुण माडांकडे बघतच म्हणाला. “भरतीक नाळ वर धरूची, सुकतीक खाली. वारो बघूचो. बोट आपसूक लागता. माझो बापूस नुसत्या शिडार होडी लावी. मी पंख्यांनी लावूक लागलंय तर लोक काय म्हणतले?”

“काय म्हणतील?” ऋतांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

“म्हणतले, सगुण म्हातारो झालो.”

ऋतांनी पडदा पुढे सरकवला आणि मग मागे सरकवला. “इथे मात्र काहीतरी चूक आहे. भोंगा. दिवसाला सरासरी दोनशे बारा वेळा.”

“चूक नाय,” इनास म्हणाला. “कमीच दाखवता.”

मग त्याने सगळं सांगितलं. मोरवंडहून निघालं की पहिल्या वळणावर सातेरीचं देऊळ, तिथे एक भोंगा. पुढे पिराचा दर्गा, तिथे एक, नाहीतर पीर म्हणेल देवीला दिला आणि मला नाही. शाळेसमोर एक, कारण शाळेतलं घड्याळ बंद पडल्यापासून गुरुजी तास त्यावर बदलतात. गावकरवाडीत सगुणची थोरली बहीण, आका, तिला दोन. भाऊ धड आहे हे तिला कळतं आणि ती परसातून फडकं हलवते. मग सगुणचं स्वतःचं घर, तिथे तीन, म्हणजे बायकोने भात चुलीवर टाकायचा किंवा टाकलेला उतरवायचा, वेळेप्रमाणे. जाताना आठ आणि येताना आठ. उरलेले शंभर काठावर जो दिसेल त्याला.

ऋतांनी भोंग्याचा पेड चाचपून पाहिला. तो त्यांच्या मनगटाएवढा जाड झाला होता. “भोंग्याला पाच अँपिअर पुरतात,” त्या हळूच म्हणाल्या. “यातून तीनशे जातील. अख्ख्या बोटीचा धातू एका भोंग्याकडे आहे.”

“मगे पंख्यांका कधी मेळतलो?” सगुणने विचारलं.

“आजपासून रोज दांडा वापरलात तर चाळीस दिवसांनी.”

परीक्षेला वीस तास होते. सगुण सुकाणूपाशी बसला आणि त्याचा गुडघा पेटीला लागला.

तोडगा इनासला सुचला. भोंगा नाळेपाशीच होता, मागच्या पंख्याची वीजही पुढच्या पंख्यावरूनच जात होती, आणि दोन्ही पेडांची टोकं तिथेच होती. भोंग्याचा जाड पेड पंख्यांना जोडायचा आणि पंख्यांचा सुकलेला पेड भोंग्याला. भोंग्याला चूळभरच लागते. ऋतांनी गणित केलं आणि ते बरोबर आलं. अडचण एकच होती. सुकाणूकडच्या सांध्यांना निरीक्षणालयाचं वेगळं सील होतं, ते निरीक्षकालाही तोडता येत नसे, त्यामुळे तिकडे हात लावता येत नव्हता. म्हणजे आता भोंग्याची कळ दाबली की पंखे फिरणार, आणि पंख्यांचा दांडा ढकलला की भोंगा वाजणार.

“वाजांदे,” इनास म्हणाला. “सगुणान फकत उद्याचो एक दिवस लक्षात ठेवूक होया.”

“मी हे निरीक्षकांना आधी सांगणार आहे,” ऋता म्हणाल्या. “लपवाछपवी मला जमणार नाही.”

तासाभरात अदलाबदल झाली. सगुणने कळ दाबली, आणि ‘सातेरी’ चार हात सरकून धक्क्याला अशी टेकली की फळीवरचा चहाचा पेलाही हिंदकळला नाही. तेवीस माणसांनी माना डोलावल्या. सगुणलाही, खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

सकाळी त्याच्या बायकोने, शालनने, आठवण म्हणून त्याच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली. कळ म्हणजे पंखे, दांडा म्हणजे भोंगा, असं घोकत तो धक्क्यावर आला. निरीक्षक बोरकुटे आधीच येऊन उभे होते. ते मूळचे चंद्रपूरकडचे, आणि पाण्यापेक्षा त्यांचा विश्वास नियमांच्या पुस्तकावर जास्त होता. ते त्यांनी छातीशी धरलं होतं. ऋतांनी त्यांना तारांची अदलाबदल सांगितली. त्यांनी पुस्तक चाळलं.

“आडपंखे फिरले पाहिजे, असं आहे. कोणत्या कळीनं फिरले पाहिजे, असं काही लिहून नाही,” ते म्हणाले. “चला.”

ऋता आणि इनासही चढले आणि बोट निघाली. आकाश स्वच्छ, भरती निम्म्यावर, वारा नाही. सगुणने दोन्ही हात सुकाणूवर घट्ट धरले. पहिल्या वळणावर सातेरीच्या देवळाचा कळस झाडांमधून वर आला आणि काय झालं ते सगुणलाही नंतर सांगता आलं नाही. त्याचा अंगठा चिंधीसकट कळीवर गेला. भोंगा वाजला नाही. बोट मात्र डाव्या अंगाने देवळाकडे चार हात सरकली आणि जणू काही झालंच नाही अशी पुढे निघाली.

“हे काय करून राहिले, तांडेल?” बोरकुट्यांनी एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने पुस्तक धरलं.

“चुकान झाला, साहेब.”

दर्गा आला तेव्हा सगुणने उजवा हात पाठीमागे नेला. हिरवं निशाण जवळ आलं. एकतीस वर्षांत पिराला भोंगा दिल्याशिवाय तो इथून गेला नव्हता. निशाण बरोबर समोर आलं आणि हात पाठीमागून पुढे आला. बोट दर्ग्याकडे चार हात सरकली. बोरकुट्यांनी खिशातून पेन काढून एक खूण केली, आणि मागाहून आधीचीही.

शाळेसमोर पुन्हा तेच. गुरुजी दारात खडू घेऊन कानोसा घेत उभे होते. बोट त्यांच्याकडे सरकताना त्यांनी पाहिली आणि तास बदलावा की न बदलावा या पेचात ते तसेच उभे राहिले. गावकरवाडीत आकासाठी दोनदा. दुसऱ्यांदा बोट काठाच्या एवढी जवळ गेली की कांदळवनातल्या एका फांदीने निरीक्षकांची टोपी उचलून घेतली आणि परत दिली नाही. आका परसात आली, भाऊ धड आहे की नाही हे तिला समजेना, म्हणून तिने फडकं अर्धंच वर केलं. ऋतांनी कपाळावर हात मारून घेतला.

“तारेला चाळीस दिवसांत वळण लागतं,” त्या इनासच्या कानाशी म्हणाल्या. “यांना एकतीस वर्षांचं लागलंय. हे मी गणितात धरलंच नाही.”

आणि मग सगुणचं घर आलं. शालन काठावरच उभी होती. सगुणने तिच्याकडे पाहिलं नाही, दात आवळले, मनात रामरक्षा सुरू केली. अंगठ्याने तीनदा कळ दाबली. बोट तीनदा सरकून जवळजवळ घराच्या पायरीशी गेली. “भात टाकू काय?” शालनने गोंधळून विचारलं. सगुणने सुकाणू वळवून बोट पुन्हा खाडीच्या मधोमध आणली.

देवतळीच्या धक्क्याला मात्र त्याने बोट अशी लावली की निरीक्षकांच्या डोळ्यांत कौतुक उमटलं. त्यांनी पुस्तक गुडघ्यावर ठेवून बराच वेळ बेरीज केली.

“धक्का लावणे, शंभरपैकी शंभर. वीस वर्षांत मी असा पाहिला नाही,” ते म्हणाले. “पण मार्गावर विनाकारण आडवी हालचाल, आठ. तीनच्या वर चालत नाही. मला वाईट वाटून राहिलं, तांडेल, पण तुम्ही नापास.”

सगुणने मान हलवली. त्याला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपल्याला राग येईल. राग आला नाही, रडू आलं. ते त्याने खाडीकडे तोंड करून आवरलं आणि सुकाणूपासून बाजूला झाला, पेटीला वाट करून द्यायला.

बोरकुट्यांनी सील तोडलं, झाकण उघडलं आणि हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पेटीच्या आत कुठेतरी खट्, खट्, खट्, असा आवाज झाला.

बोटीतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण तो आवाज तिघांच्याही ओळखीचा झाला होता. ऋतांनी मीटर लावलं. बटण सोडलं की चोवीस. दाबलं की अकरा.

“चौदा महिने ही पेटी एकदाही वापरली नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ओठांवर हात धरला, कारण हसू येत होतं. “सीलच होतं. तिच्या पेडातले कण केव्हाच हात सोडून गेले. तेही भोंग्याकडेच.”

“मग दुरुस्त करा.”

“कोणीतरी इथे बसून हे बटण रोज दोनशे वेळा दाबलं, तर चाळीस दिवसांत पेड भरेल.”

“चाळीस दिवस फेरी बंद ठेवता येत नाही. कलम नऊ,” बोरकुटे म्हणाले. “अन् नापास तांडेल एक दिवस बोट चालवू शकत नाही. कलम बारा.” ते विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. “काल तुम्ही पंख्यांना भोंग्याचा पेड जोडला ना? तोच काढा अन् पेटीला जोडा.”

इनासने सगुणकडे पाहिलं. सगुण म्हणाला, “कर बाबा, साहेब सांगतत तर,” आणि इनासने पेडाचं टोक नाळेपासून पेटीपर्यंत ओढून आणून जोडलं. आता जाड पेड पेटीला होता, पंखे कशालाच जोडलेले नव्हते, आणि भोंगा कालच्यासारखाच दांड्यावर होता. बोरकुट्यांनी हिरवं बटण दाबलं. पेटी गप्पच.

“त्या पेडाची कळ दाबल्याशिवाय त्यात वीज येत नाही,” ऋता म्हणाल्या. “भोंग्याची कळ.”

सगुणने अंगठा ठेवला. पेटीत निळा दिवा लागला आणि एक सभ्य आवाज आला, “नमस्कार. मी स्वयंतांडेल. प्रवाशांनी कृपया बसून—” सगुणने अंगठा उचलला. दिवा गेला. त्याने पुन्हा दाबला. “नमस्कार. मी स्वयंतांडेल—”

“कळीवर चिकटपट्टी लावा,” निरीक्षक म्हणाले, आणि लगेच त्यांनीच ओठ चावला. भोंग्याची कळ बांधून, चिकटवून किंवा अन्य मार्गाने दाबून ठेवू नये, हे कलम सतरा होतं, आणि त्याखाली गेल्या वर्षी त्यांनी स्वतः अकरा बोटी रोखल्या होत्या. पानं उलटत ते पुढे गेले. चालत्या बोटीत केबिनमधली कुठलीही कळ तांडेलाचा दाखला असलेल्या माणसानेच दाबावी, असं कलम वीसमध्ये होतं. परीक्षेत सगुण चालक म्हणून नापास झाला होता. दाखला शाबूत होता.

“धक्क्याला लावताना पेटीला आडपंखे लागतात,” ऋतांनी अगदी हळू आवाजात आठवण करून दिली. “ते आता फिरत नाहीत.”

बोरकुट्यांनी टोपी काढायला हात डोक्याकडे नेला, टोपी नाही हे आठवलं, आणि आदेश लिहायला घेतला. लिहायला त्यांना अर्धा तास लागला. लिहून झाल्यावर त्यांनी तो वाचून दाखवला. ‘सातेरी’ बोट यापुढे स्वयंतांडेल चालवील. स्वयंतांडेल चालावा यासाठी सगुण मेतर कळ दाबून धरतील. धक्का जवळ आल्यावर ते कळ सोडतील, व बोट धक्क्याला लागेपर्यंत तिची काळजी त्यांना योग्य वाटेल तशी घेतील.

परतीला प्रवासी भरले. सगुणने कळ दाबली, पेटीने सगळ्यांना नमस्कार केला आणि बोट सुरेख सरळ निघाली. उजवा अंगठा कळीवर अडकलेला होता, पण डावा हात मोकळा होता आणि दांडा डाव्या हाताशीच होता. त्याने तो ढकलून पाहिला. भोंगा वाजला, जरा बसक्या आवाजात, पण वाजला. काठावर कपडे धुणाऱ्या बाईने मान वर करून हात हलवला. आपण इतके खूश का झालो हे त्याला इनाससमोर कबूल करायचं नव्हतं, म्हणून तो खोकला.

“आणि चाळीस दिवसांनी?” त्याने ऋतांना विचारलं. “पेटीचो पेड भरलो की माका काढतले?”

ऋता कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आपल्याच तारेचा नियम मनात एकदा तपासून घेतला. “तो भरणार नाही,” त्या म्हणाल्या. “तो आता वापरातच नाही, आणि वापरल्याशिवाय कण येत नाहीत. तुमचा अंगठा ज्या पेडावर आहे तो रोज वापरात राहणार, म्हणून त्यातले कण कुठेच जाणार नाहीत. जोवर तुम्ही कळ दाबता, तोवर तुमच्याशिवाय पेटी चालायची नाही.”

बोरकुटे मागच्या बाकावर पुस्तकात डोकं घालून बसले होते. “तांडेलाला साठीला निवृत्ती आहे,” ते स्वतःशीच पुटपुटले. “पण कळ दाबून धरणारा असं पदच पुस्तकात नाही. पद नाही तर वय कुठून येणार?” त्यांनी पानं पुढेमागे केली आणि शेवटी पुस्तक मिटलं.

सगुणचं घर समोर आलं होतं. शालन अजून काठावरच होती, भाताचं काय करायचं ते कळेपर्यंत ती हलणार नव्हती. सगुणने डाव्या हाताने तीनदा भोंगा दिला. ती घरात वळली. मग त्याने कळीवरच्या आपल्या उजव्या अंगठ्याकडे नीट पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि इनासला म्हणाला, “उद्यापासून नारळ सोलूचा काम तुझा. ह्या आंगठ्याक आता जपूक होया.”